न मोजलेले मत

“महाराष्ट्र तो पूरा फुल गया, भाई,” असे म्हणत सिराजने एडवर्डचा उजवा हात हातात घेतला, तेव्हा एडवर्ड तुस्कानोच्या डाव्या हातात दुधी होता. आणि त्या दुधीचे वजन मनगटापाशी येऊन थांबले आहे, पुढे दंडाला ते कळतच नाही, असे त्याला क्षणभर वाटले. मस्कतच्या बौशर भागातल्या त्या मोठ्या दुकानात शुक्रवारी सकाळी अर्धे भारतीय मंडळ भाजी निवडायला येई. सिराज केरळचा, टायरांच्या दुकानात विक्रेता. बातमी सांगताना ऐकणाऱ्याचा हात धरून ठेवायची त्याला सवय होती. “मधुभाई का तो लँडस्लाइड हो गया. केरला फुल, गुजरात फुल, तुम्हारा महाराष्ट्र फुल. टीचर को ज़ीरो. किसी भी स्टेट से एक वोट नहीं. अरे, उसने खुद को भी नहीं दिया, मधुभाई को दिया. कितना बड़ा दिल है, देखो.” एडवर्डने विचारले, “महाराष्ट्र से एक भी नहीं?” “बोला ना, फुल. कल रात अनाउन्स किया. तुम किधर थे?” एडवर्ड काल रात्री घरी होता. मुलीला, लिनेटला, ताप होता, म्हणून मंडळाच्या अध्यक्षासाठी मत देऊन तो लगेच परतला होता. म्हणजे मत त्याने दिले होते. चिठ्ठीवर मधुभाईंविरुद्ध उभ्या राहिलेल्या टीचरचे, अमीरुन्निसा हे नाव त्याने देवनागरीत, सावकाश, शाळेत पाटीवर लिहावे तसे लिहिले होते, चिठ्ठीची घडी घातली होती आणि ती महाराष्ट्राच्या पेटीत टाकली होती. सिराज हात सोडून कांद्यांकडे गेला. एडवर्डने दुधी परत ढिगावर ठेवला, आणि त्याच्या बायकोने, डेझीने, तो उचलून पिशवीत घालीत म्हटले, “काय झालं? चांगला आहे की.”

गाडीत बसल्यावर त्याने प्रथम स्वतःचीच उलटतपासणी घेतली, कारण दुसऱ्यावर आरोप करण्याआधी स्वतःची साक्ष तपासावी ही शिस्त त्याने लहानपणीच अंगी बाणवली होती. आपण दुसरे नाव लिहिले असेल काय? हात मनाला फसवून गर्दीच्या बाजूला गेला असेल काय? पण पेनची शाई मधेच तुटली होती आणि नावाचा शेवटचा भाग त्याने पुन्हा गिरवला होता. गिरवलेले अक्षर माणूस विसरत नाही. मग उरत होती ती एकच शक्यता, आणि ती मंडळाच्या घटनेतच दडलेली होती. मस्कतमधल्या भारतीयांच्या या मंडळात प्रत्येक राज्याची एक शाखा होती. तिला सगळे विंग म्हणत. अध्यक्षाच्या निवडणुकीत प्रत्येक विंगेची पेटी वेगळी असे. ती त्या विंगेच्या संयोजकाने उघडायची, आकडा व्यासपीठावर कळवायचा आणि चिठ्ठ्या तिथेच फाडून टाकायच्या, अशी रीत होती. रीत विश्वासावर चालत असे. आणि विश्वासाच्या पोटात आणखी एक रीत निपजली होती, तिच्याविषयी कुणी बोलत नसे: जी विंग निवडून येणाऱ्याच्या पाठीशी सबंध उभी राही, तिला पुढल्या वर्षी सभागृहाच्या तारखा आधी निवडता येत. गुजरातला गरबा, केरळला ओणम, महाराष्ट्राला गणपती. फुटकळ मते या हिशेबात अडचणीची असत. घरात पाहुणे आले की फुटका कप मागच्या फळीवर सरकवावा, तशी ती सरकवली जात. एडवर्डने हे ऐकले होते, हसण्यावारीही नेले होते. आपण स्वतः एक दिवस तो कप होऊ, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नव्हते.

त्याच वर्षी जुलैत दिल्लीला राष्ट्रपतींची निवडणूक झाली होती. विजय प्रचंड होता. निकालाआधीच निकाल ठाऊक होता. तरीही वर्तमानपत्रात राज्यवार तक्ता आला होता, आणि हरलेल्या उमेदवाराच्या नावाखालीही प्रत्येक राज्याची मते छापली होती. जिथे काही नव्हते तिथे शून्य, आणि जिथे मूठभर होती तिथे ती मूठ. एडवर्डने तो तक्ता चहा गार होईपर्यंत वाचला होता. एका राज्यातली ती चार-दोन माणसे, ज्यांच्या मताने पानही हलणार नव्हते, त्यांना कुणीतरी मोजले होते, टंकित केले होते, छापले होते. या गोष्टीत त्याला एक प्रकारची भव्यता दिसली होती, आणि तिचे कारण त्याच्या स्वतःच्या आयुष्यात होते. एडवर्डने देशात कधीही मत दिले नव्हते. वसई सोडून तो ओमानला आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मताचे वय एकवीस होते. ते खाली आले तेव्हा तो खाबुऱ्यात रस्त्याच्या कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळत होता. पुढे एका सुट्टीत योगायोगाने निवडणूक आली. तो इस्त्रीचा सदरा घालून गावच्या शाळेत रांगेत उभा राहिला, आणि टेबलामागच्या गृहस्थाने सौजन्याने सांगितले, “तुमचं नाव काढलंय. तुम्ही इथं राहत नाही ना.” ओमानात तो परदेशी होता, आणि ते रास्त होते. म्हणजे या सबंध पृथ्वीतलावर ज्या एका पेटीला एडवर्ड तुस्कानोचे मत चालत होते ती पेटी मंडळाची होती. ती क्षुल्लक होती, हे त्याला मान्य होते. पण एकुलत्या एका भांड्याला क्षुल्लक म्हणण्याची चैन ज्याच्या घरात दुसरे भांडे आहे त्याने करावी.

“तू काय पुटपुटतोस?” डेझीने विचारले. “रामकृष्णने माझे मत खाल्ले.” डेझीने काच वर केली; बाहेर तापलेले, कोरडे, दाढी केलेल्या गालांसारखे डोंगर होते. मग म्हणाली, “तुला खरंच टीचरला मत द्यायचं होतं, तर मला सांगायचं तरी.” मागच्या सीटवरून लिनेट म्हणाली, “मम्मा, व्हॉट इज मत?”

महाराष्ट्र विंगेचा संयोजक रामकृष्ण, पण त्याच्यावर संशय घेणे सोपे नव्हते. खाबुऱ्याच्या कामगारांच्या कॅम्पात दोघे एका खोलीत राहिले होते, वरच्या-खालच्या पलंगांवर, आणि एडवर्डला मास्तर हे नाव रामकृष्णनेच दिले होते, कारण एडवर्ड सगळ्यांची पत्रे लिहून देई आणि लिहिताना त्यांच्या वाक्यांशी भांडे. रामकृष्ण गुहागरचा, वातानुकूलन यंत्रांचा फोरमन; कंप्रेसरच्या आवाजावरून बिघाड सांगणारा, आणि माणसांच्या बाबतीतही तशीच घाई करणारा. कॅम्पातली ती वर्षे एडवर्डच्या अंगात वासांच्या रूपाने शिल्लक होती. टँकरच्या पाण्याचा लोखंडी वास. खजुराच्या बागांतून संध्याकाळी येणारा ओलसर, शेणामातीचा वास. एकाच टोपात शिजलेल्या डाळीचा, ज्याने आठवड्याचे सातही दिवस एक होऊन जात. कॅम्पातल्या माणसांना मंडळाचे सभासद होता येत नसे. सभासदत्व कुटुंबाच्या व्हिसावर होते. त्या काळी दर गणपतीला मंडळाची एक गाडी प्रसादाचे खोके घेऊन येई, खोके दारात ठेवी आणि परत जाई. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत अमीरुन्निसा टीचरने, म्हणजे शाळेत वीस-बावीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हैदराबादच्या एका कृश बाईने, उभे राहून विचारले होते की कॅम्पातली माणसे भारतीय आहेत की नाहीत, आणि असतील तर मंडळाच्या नावात तो शब्द कशासाठी. कुणीतरी चहा आल्याचे जाहीर केले. एडवर्ड तेव्हा बसून राहिला होता, कपबशीचा किणकिणाट ऐकत. आणि या वर्षी मधुभाईंसमोर कुणीच उभे राहत नाही असे पाहून टीचरने अर्ज भरला, तेव्हा आपले मत कुणाचे ते त्याला विचारावे लागले नाही.

शनिवारी कामावरून सुटल्यावर तो रामकृष्णच्या घरी गेला. तो कशासाठी आला ते रामकृष्णने दार उघडताच ओळखले. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, कंटाळा होता. “ये. चहा घेणार की भांडण?” एडवर्ड बसला नाही. “माझे मत कुठे आहे?” “फाडलं. सगळ्यांचीच फाडतात.” “फाडण्याआधी मोजले होते?” रामकृष्णने पंख्याकडे पाहिले. “मास्तर, देवनागरीत तेवढं वळणदार कोण लिहिणार इथे? बघितल्याबरोबर कळलं मला, तुझी चिठ्ठी. म्हटलं, यानं परत पाय घातला शेणात.” “म्हणजे तू वाचलीस. वाचलीस आणि दुसऱ्याच्या नावावर टाकलीस.” “अरे, तुझ्यासाठीच. तारखा हातच्या जातात, मग लोक विचारतात, कोण फुटला. आणि कोणाचं नाव येणार? पाटलाचं? तुझंच येणार. म्हणणार, ख्रिश्चन तो, आपला कधी होता. मला ऐकायचं नव्हतं ते.” एडवर्डला हे ऐकून राग यायला हवा होता, पण आला तो एक जुना थंडपणा. मंडळाच्या पहिल्याच सभेत दारावरच्या स्वयंसेवकाने आडनाव वाचून त्याला गोव्याच्या रांगेकडे पाठवले होते. महाराष्ट्राच्या रांगेत आल्यावर शेजारच्या बाईंनी, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो,” असे कौतुक केले होते, जणू ती भाषा त्याने कुठून तरी उसनी आणून नीट घासूनपुसून ठेवली होती. “म्हणजे मी तुमच्यात राहावे म्हणून तू मला पुसलेस,” तो म्हणाला. “शब्दांशी नको खेळू. सांग, बाई निवडून येणार होती? तुझ्या एका मतानं काय फरक पडणार होता?” “काही नाही. म्हणूनच ते मोजायला हवे होते. ज्या मताने फरक पडतो त्याच्यावर दोन्ही बाजूंचे डोळे असतात. ज्याने पडत नाही त्याला मोजणाऱ्याच्या इमानाखेरीज कोण आहे?” रामकृष्ण हसला, प्रेमाने हसला, आणि तेच वाईट होते. “खलास झालं रे. गुरुवारी सत्कार आहे, ये, जेव, मधुभाईला हात मिळव. गणपतीत तुझं भाषण ठेवतो, पाहिजे तेवढं लांब.”

जिना उतरताना त्याला वडील आठवले. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बँड कुठला आणायचा यावर मिस्साच्या प्रार्थनेनंतर गावाची बैठक होती. आणायचा कुठला ते आधीच ठरले होते. बैठक हात वर करण्यासाठी होती. सगळ्यांनी केले, वडिलांनी केला नाही. गावप्रमुख क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तुस्कानोचा हात दुखतोय, वर आहे असं धरून चाला.” सगळे हसले, वडीलही थोडे हसले, आणि बँड सर्वानुमते ठरला. घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, “मला नाही म्हणायचं होतं. त्यांनी मला आजारी केलं.” तेव्हा लहान एडवर्डला ते गंमतीचे वाटले होते. आता, बौशरच्या त्या फरशीच्या जिन्यात, ते वाक्य त्याला पायरीपायरीवर बसलेले दिसू लागले. नकाराला शिक्षा करणारी माणसे एडवर्डने पाहिली होती, ती परवडत. नकाराला मायेने मिठीत घेऊन गुदमरवणारी माणसे ही वेगळी जात होती, आणि ती बहुधा आपलीच असत.

टीचरला भेटावे, निदान जिचे मत होते तिला तरी ते पोचवावे, म्हणून तो दुसऱ्या दिवशी शहराच्या रुवी भागात तिच्या घरी गेला. बाहेरच्या खोलीत फळ्यावर अर्धवट समीकरण होते आणि शिकवणीची मुले नुकतीच गेली होती. अमीरुन्निसाने त्याला बसवले, सरबत दिले, आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत पापणी हलवली नाही. “आप का शुक्रिया, एडवर्ड साहब,” ती म्हणाली. “लेकिन आप से पहले भी लोग आ के गए. महाराष्ट्र से भी आए. सब ने यही बोला, टीचर, हमारा वोट तो आप कोच था.” “आणि तुम्ही... आप ने क्या कहा?” “शुक्रिया बोला. और क्या बोलती? हारने वाले को सब यही बोलते. मय्यत के घर में जैसे बोलते, बहुत अच्छे आदमी थे. उस में कौन सच्चा, कौन तहज़ीब निभा रहा, मैं कैसे जानूँ?” एडवर्डने सरबताचा पेला खाली ठेवला. आपण इथवर आणलेली वस्तू तिच्या दारात पडलेल्या तसल्याच पुष्कळ वस्तूंसारखी दिसते, आणि खऱ्या नाण्याचा आवाजही त्या ढिगात वेगळा येत नाही, हे त्याला कळत होते. त्याने अवघडून विचारले, “आप ने अपना वोट मधुभाई को दिया, सब तारीफ़ करते हैं.” यावर ती प्रथमच हसली. “मैं पागल हूँ क्या? मैं खड़ी क्यों हुई थी? अपना वोट मैं ने खुद को दिया, आंध्रा के डिब्बे में. गिना तो ज़ीरो निकला. फिर स्टेज पे मेरी शराफ़त की तारीफ़ हुई, और मैं नीचे बैठ के ताली सुनी.” “तुम्ही बोलला का नाहीत?” तो मराठीतच म्हणाला, आणि तिला ते समजले. “मैं बोलूँ तो हारी हुई औरत का रोना. हारने वाले की बात गवाही नईं होती, एडवर्ड साहब. शिकायत होती.”

परतताना त्याने गाडी समुद्राच्या बाजूला थांबवली, पण समुद्राकडे पाहिले नाही. गेले दोन दिवस आपण काय जपत होतो याचा त्याला उलगडा होत होता, आणि तो सुखाचा नव्हता. आपण एकटे होतो, ही गोष्ट तो जपत होता. साऱ्या विंगेत एकच माणूस ताठ आहे, असे एक चित्र. ते आता डागाळले होते. महाराष्ट्रातून आणखी कुणी आले होते; त्यांतले कुणी खोटे असेल, कुणी खरेही असेल, आणि खऱ्याने खोट्यापासून वेगळे दिसण्याचा एकच मार्ग उरला होता, की जे त्या खोलीत कानात सांगितले ते जिथे ऐकून कुणाला बरे वाटणार नाही तिथे सांगावे. त्याची किंमत काय पडेल हे त्याने प्रामाणिकपणे मनात मांडून पाहिले. रामकृष्ण जाईल. तारखा जातील, आणि गणपती एखाद्या गोदामात बसला की दर वर्षी त्याचे नाव निघेल. लिनेट मंडळाच्या मराठी वर्गात जाते, तिथे तिला कुणी काही बोलेल, आणि ते समजण्याइतके मराठी तिला येत असेल. हे सारे एका पारड्यात घातले तरी दुसरे पारडे वर जाईना. वय तेहतीस, एवढ्या वर्षांत एक मत, आणि ते मधुभाईंना गेले, असे जगाच्या दप्तरी.

गुरुवारी सभागृह भरले होते. राज्याराज्यांच्या रांगा, खांबांवर झेंडूच्या माळा, मागच्या दाराआडून बिर्याणीचा वाफाळ वास. डेझीने त्याच्या कोटाची बाही ओढून म्हटले, “जे करायचं ते जेवायच्या आधी कर. नंतर तू रात्रभर जागशील.” ही परवानगी होती की चिडणे, ते त्याने ठरवले नाही. मधुभाई व्यासपीठावर हार घालून बसले होते. सज्जन, घामाघूम गृहस्थ, ज्यांनी हे काही मागितले नव्हते. एकेका विंगेचा संयोजक ध्वनिक्षेपकापाशी येऊन आपल्या राज्याचा पाठिंबा जाहीर करी आणि टाळ्या होत. रामकृष्ण आला. त्याने शर्टाचे बटण गळ्यापर्यंत लावले होते. “महाराष्ट्र विंग संपूर्णपणे, एकदिलाने...” एवढे तो म्हणाला आणि एडवर्ड उभा राहिला.

उभे राहिल्यावर सभागृह वेगळेच दिसते. बसलेली डोकी, केसांचे भांग, गजरे, टकले, आणि या सगळ्यांवर एक माणूस अनावश्यकपणे उंच. त्याने आवाज चढवला नाही. “संपूर्णपणे नाही. माझे मत अमीरुन्निसा टीचरना होते. ते मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.” मग तेच त्याने हिंदीत सांगितले, कारण अर्धवट समजलेले वाक्य लोक आपल्या सोयीने पुरे करतात. मागून कुणीतरी म्हणाले, “ए मास्तर, बस ना रे, भूक लागली.” दुसरे कुणी, दबल्या आवाजात, “गोव्यात पाठवा त्याला.” थोडे हसू झाले. रामकृष्ण ध्वनिक्षेपकावर वाकला. “तुस्कानोसाहेबांची तब्येत...” त्याने सुरुवात केली आणि एडवर्ड म्हणाला, “माझी तब्येत उत्तम आहे, रामकृष्ण. तू आकडा सांग.”

रामकृष्ण त्याच्याकडे पाहत राहिला. त्या पाहण्यात खाबुऱ्याचे वरचे-खालचे पलंग होते, पत्रे होती, आणि एक ताजी, लालबुंद दुखापत होती. कदाचित त्या दुखापतीनेच केले. कदाचित पेटी उघडली तेव्हापासून ते त्याच्या घशाशी असावे. एडवर्डला ते पुढेही कधी ठरवता आले नाही. रामकृष्ण म्हणाला, “आकडा पायजे? घे आकडा. तुझं एकट्याचं नव्हतं. चार होती. महाराष्ट्रातून विरोधात चार.”

टाळी कुणीच वाजवली नाही. महाराष्ट्राच्या रांगेत माणसे समोर पाहत बसली, इतकी काळजीपूर्वक समोर, की त्या मानांवरून काहीच ओळखू येईना. उरलेले तिघे इथेच होते. त्यांचा श्वास याच हवेत होता. उठाल तर बरे, असे त्याला वाटले, आणि ते उठले नाहीत. एडवर्डने त्यांना मनातल्या मनात दोष देऊन पाहिला, पण गेल्या वर्षीचा आपला कपबशीचा आवाज त्याला ऐकू आला. ते मोजले गेले होते, पुरे होते. एकटेपणाचा तो ताठ, देखणा पुतळा कोसळला होता आणि त्याच्या जागी काहीतरी बुटके, वजनदार, कामाचे आले होते.

“झालं तुझं समाधान?” रामकृष्णने विचारले. त्याचा आवाज फाटला होता. “बस आता.”

“माझे झाले,” एडवर्ड म्हणाला. “आता आंध्राचा आकडा वाचा.”

आंध्राच्या रांगांत खुर्च्या करकरल्या. तिथला संयोजक, एक पोक्त गृहस्थ, अर्धा उठला आणि तसाच थांबला. त्याच्या दोन खुर्च्या पलीकडे अमीरुन्निसा पदर सावरून बसली होती आणि त्याच्याकडे पाहत होती, चुकलेल्या विद्यार्थ्याला गणित पुन्हा करायला वेळ द्यावा तशी. केरळच्या बाजूला सिराज तोंड उघडे ठेवून मागे वळला होता. मधुभाईंनी हार काढून मांडीवर ठेवला. ते मनापासून, जवळजवळ विनवणीने म्हणाले, “एडवर्डभाई, बैठिए ना. सब का खाना ठंडा हो रहा है.”

“होऊ द्या थंड,” एडवर्ड म्हणाला, आणि आंध्राच्या रांगांकडे तोंड करून उभा राहिला.